ट्रॅव्हलर कॅम्पेनमधली मोठी लढाई कशी आखावी?

अगस्ती (शनिवार, रात्री ११:२०)

मंडळी, एका लढाईसाठी मदत हवी आहे.

पुण्यात आमचा सहा जणांचा गट दर रविवारी संध्याकाळी ट्रॅव्हलर खेळतो. पाच खेळाडू आणि रेफरी, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि निकाल देणारा, मी. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मार्क मिलर यांचा हा अंतराळातला रोलप्लेइंग गेम (प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन बोलत खेळायचा खेळ) १९७७ साली अमेरिकेत निघाला आणि आजही छापला जातो. दोन फासे टाकायचे, त्यात कौशल्याचे गुण मिळवायचे, ८ किंवा जास्त आले की काम झालं. एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जायला जहाज जंप मारतं. जंपला साधारण एक आठवडा लागतो, मग अंतर एक पार्सेक (सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षं) असो की सहा. जंपच्या आधी ग्रहाच्या व्यासाच्या शंभर पट दूर जावं लागतं. आणि जहाजापेक्षा वेगाने जाणारा निरोप या विश्वात नाहीच, पत्रसुद्धा जहाजातूनच जातं.

आता आमची मोहीम अशा ठिकाणी आली आहे की लढाई टाळता येणार नाही. मृगजळ नावाच्या ग्रहावर ९०० माणसांची वसाहत आहे. ग्रहाचा व्यास ८,००० किलोमीटर. या सगळ्यांना चार मालवाहू जहाजांत भरून बाहेर काढायचंय. मालवाहू जहाजांचं त्वरण १ जी, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाइतकं. सोबत खेळाडूंचं ४०० टनी जहाज आणि दोन जुनी गस्ती जहाजं. पाठलागावर सहा जहाजं आहेत, ३ जीची, आणि ती तासाभराने निघतील असं मी धरलंय.

काळजीचं कारण गेल्या वर्षीची लढाई. एका बाजूला अकरा जहाजं, दुसऱ्या बाजूला आठ. पुस्तकाप्रमाणे अंतराळातल्या लढाईची एक फेरी ६ मिनिटांची असते. आम्ही साडेतीन तास बसलो आणि चार फेऱ्या झाल्या. आमच्यातली एकजण जहाजावरची डॉक्टर खेळते. तिने त्या संध्याकाळी फक्त दोनदा फासे टाकले. निघताना ती काही बोलली नाही, पण तिची वही टेबलावर उघडी राहिली होती. त्यात तिने घरून रुग्णांची यादी करून आणली होती. सात नावं, प्रत्येकापुढे रक्तगट, दोघांपुढे ॲलर्जी. त्यातलं एकही नाव त्या दिवशी खेळात आलं नाही. ती यादी अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

या वेळी तसं होऊ द्यायचं नाही. तेरा जहाजं आहेत आणि हातात एक संध्याकाळ आहे. कसं करू?

पाटावरवंटा (शनिवार, रात्री ११:५२)

वाचनखूण साठवली. माझ्याकडेही पुढच्या महिन्यात वेढा आहे. अंतराळात नाही, किल्ल्यावर. पण दुखणं तेच.

सहादुणेबारा (रविवार, सकाळी ८:१०)

फाशांचा प्रश्न आधी सोडवू, तो सोपा आहे.

दोन फाशांवर ८ किंवा जास्त येण्याची शक्यता ३६ पैकी १५. म्हणजे पार्श्वभूमीला १२ तोफा एकमेकांवर झाडल्या जात असतील तर सरासरी ५ लागतात. बारा वेळा फासे टाकू नका, एकदाच टाका. बेरीज ५ ते ९ आली तर पाच लागल्या. २ ते ४ आली तर तीन, १० ते १२ आली तर सात. दोन्ही टोकांची शक्यता प्रत्येकी एक षष्ठांश आहे, त्यामुळे नशिबाचा चढउतार बराचसा खऱ्यासारखाच राहतो आणि बारा फेकींचं काम एका फेकीत होतं.

कौशल्याचा +१ मिळाला की ३६ पैकी २१, +२ ला २६. एवढे तीन आकडे रेफरीच्या पडद्याच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.

नियम एकच: खेळाडूंच्या हातातली तोफ मात्र कधीही सरासरीने उडवू नका.

कापूसकोंडी (रविवार, सकाळी ९:३५)

सहादुणेबारा यांची युक्ती छान आहे, मी वापरणार. पण अगस्ती, तुमच्या डॉक्टर मैत्रिणीचं दुखणं फासे वेगाने टाकून बरं होणार नाही. चारच्या जागी वीस फेऱ्या झाल्या असत्या तरी ती दोनदाच खेळली असती.

हा रोलप्लेइंगचा खेळ मुळात कुठून आला ते आठवा. १९६९ साली अमेरिकेतल्या मिनियापोलिस–सेंट पॉल भागात डेव्हिड वेस्ली यांनी नेपोलियनच्या काळातली एक लढाई मांडली. गावाचं नाव ब्राउनस्टाइन. सैन्य येण्याआधी गावात काय चाललंय ते खेळायचं ठरलं आणि प्रत्येकाला एकेक माणूस दिला. कोणी नगराध्यक्ष, कोणी बँकवाला, कोणी विद्यापीठाचा प्रमुख. खेळाडू त्यातच इतके रमले की लढाई बाजूला राहिली. त्याच वर्तुळातल्या डेव्ह आर्नेसन यांनी ती कल्पना पुढे नेली, आणि १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स आलं. पलटण काढून घेतली आणि माणूस हातात दिला, त्यातून आपला खेळ जन्मला. आपण मोठी लढाई घेतो तेव्हा नकळत उलटे जातो, माणूस काढून घेतो आणि पलटण हातात देतो.

म्हणून माझी पद्धत अशी. आधी जहाजं मोजत नाही, खेळाडू मोजते. तुमचे पाच. प्रत्येकासमोर असा एक प्रश्न ठेवायचा जो त्याच्याशिवाय दुसरं कोणी सोडवू शकत नाही, आणि ज्याचं उत्तर दिल्यावर लढाईचं चित्र बदलतं. डॉक्टरसाठी तुमच्याकडे आयता प्रश्न आहे. ९०० माणसं चार मालवाहू जहाजांत भरायची म्हणजे बरीचशी लो बर्थमध्ये, म्हणजे थंड झोपेच्या पेट्यांत, झोपवूनच न्यावी लागणार ना? झोपेच्या पेट्यांना वीज लागते. जहाजाला तडाखा बसला, वीज निम्मी झाली, तर कुठल्या पेट्या चालू ठेवायच्या? हे तोफखान्यावरचा माणूस ठरवू शकत नाही.

त्या यादीतली सात नावं तुम्ही त्या पेट्यांवर लिहा.

अगस्ती (रविवार, सकाळी १०:०५)

कापूसकोंडी ताई, शेवटचं वाक्य वाचून पाच मिनिटं नुसता बसलो होतो. होय, नावं त्या पेट्यांवर जाणार.

नाखवा (रविवार, दुपारी १:१५)

बावीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, त्या अंगाने लिहितो.

ताफ्याचा वेग सगळ्यात हळू जहाजाचा. तुमच्या गस्ती जहाजांना ६ जी असलं तरी उपयोग नाही, चार मालवाहू १ जीने निघाले की सगळा ताफा १ जीचा. खेळाडूंना हे लढाईच्या आधी अंगात भिनू द्या. कोणीतरी म्हणेलच, "हळू आहे त्याला मागे टाकू." म्हणू द्या.

दुसरं म्हणजे ताफा फोडायचा की एकत्र ठेवायचा, हा समुद्रावरचा सगळ्यात भारी निर्णय. दुसऱ्या महायुद्धात जून १९४२ च्या अखेरीस पीक्यू-१७ हा ताफा आइसलँडहून रशियाकडे निघाला होता. जर्मनांची टिर्पिट्झ ही मोठी युद्धनौका चालून येते आहे अशा समजुतीने लंडनहून ४ जुलैला हुकूम आला: संरक्षक नौकांनी मागे फिरा, व्यापारी जहाजांनी पांगा. टिर्पिट्झ त्यांच्या अंगावर आलीच नाही. पांगलेली एकेकटी जहाजं पाणबुड्यांनी आणि विमानांनी टिपली. ताफ्यातली सुमारे दोन तृतीयांश व्यापारी जहाजं तळाला गेली. आमच्या धंद्यात हे अजून शिकवतात.

तुमच्या लढाईचा कणा इथे आहे. लढाईच्या मध्यावर खेळाडूंना खबर द्या की मागून एक सातवं, मोठं जहाज निघालंय. खबर अर्धवट असावी. खरी की खोटी हे रेफरीने आधीच ठरवलेलं असावं, त्यांच्या निर्णयानंतर बदलायचं नाही. मग विचारा: पांगायचं की एकत्र राहायचं?

आणि जहाजांना नावं द्या. मालवाहू क्रमांक ३ बुडाला तर कोणाला काही वाटत नाही.

लॉगटेबल (रविवार, दुपारी ४:४०)

आकडेमोड करून पाहिली. तुमची लढाई तुम्हाला वाटते तशी होणारच नाही.

शंभर व्यास म्हणजे ८ लाख किलोमीटर. मधे उलटं फिरून वेग मारत थांबायचं, असं धरलं तर १ जीने ५ तास. पण थांबायचं कशाला? जंपच्या आधीचा वेग जंपनंतरही राहतो. सरळ जोर देत गेले तर ३ तास ३३ मिनिटं, म्हणजे २१३ मिनिटं. हे तुमचं घड्याळ.

आता पाठलाग. शत्रू ६० मिनिटं उशिरा निघतो, ३ जीने. तो न थांबता सुटला तर १४२व्या मिनिटाला ताफ्याला गाठतो. पण त्या क्षणी त्याचा वेग ताफ्यापेक्षा सेकंदाला ६१ किलोमीटरने जास्त असतो. नियमातला मध्यम पल्ला १०,००० किलोमीटर. तेवढ्या पल्ल्यात तो येऊन निघून जायला साडेपाच मिनिटं लागतात, म्हणजे पूर्ण एक फेरीसुद्धा नाही. लांब पल्ला, २५,००० किलोमीटर, धरला तरी १४ मिनिटं.

शत्रूला जहाजं अखंड पकडायची असतील, आत माणसं उतरवायची असतील, तर त्याला वेग जुळवावा लागेल. त्यासाठी १३२व्या मिनिटाला जहाज उलटं फिरवून इंजिनं ताफ्याच्या दिशेला करायची आणि पूर्ण जोराने वेग मारायचा. मग तो १५४व्या मिनिटाला ताफ्याच्या अगदी बाजूला येऊन उभा राहतो.

या दोन्ही गोष्टी मिळून काय सांगतात पाहा. १३२व्या मिनिटापर्यंत शत्रू एकाच पद्धतीने येतो. त्या मिनिटाला त्याने शेपूट फिरवली तर त्याला माणसं हवी आहेत. नाही फिरवली तर त्याला सगळं जाळायचं आहे. सेन्सरवर बसलेल्या खेळाडूला हे दिसतं. त्याच्या हातात दहा मिनिटं असतात.

कापूसकोंडी (रविवार, सायंकाळी ५:२०)

लॉगटेबल, हे फार सुंदर आहे. पण कृपा करून अगस्तींना हे सगळं टेबलावर मांडायला सांगू नका. खेळाडूंना १३२ हा आकडा ऐकवायचा नाही, "त्यांची इंजिनं आता आपल्याकडे तोंड करून पेटली आहेत" हे वाक्य ऐकवायचं.

लॉगटेबल (रविवार, सायंकाळी ५:४५)

असहमत. आमच्या टेबलावर मी आकडे उघडे ठेवतो. आकडे समोर असले की खेळाडू स्वतः डाव रचतात, रेफरीच्या वर्णनाची वाट पाहत नाहीत. ज्याला गणित नको त्याने चित्र बघावं, ज्याला हवं त्याने कागद घ्यावा. अगस्ती, तुमच्या पाच जणांत एक तरी कागद घेणारा असेल, त्याला उपाशी ठेवू नका.

अगस्ती (रविवार, रात्री १०:३०)

आहे एक, इंजिनिअरचं पात्र करतो. त्याला कागद देणार, बाकीच्यांना चित्र.

लॉगटेबल, तुमचे आकडे पुन्हा स्वतः मांडून पाहिले, बरोबर आहेत. त्यावरून एक सुचलं. २१३ मिनिटं म्हणजे जवळपास नऊ घटका. २४ मिनिटांची एक घटका, तिच्यात नियमाच्या चार फेऱ्या बसतात. (गेल्या वर्षी साडेतीन तासांत आम्ही एक घटका खेळलो होतो, हे आज लक्षात आलं.) म्हणून लढाई नऊ घटकांत वाटतो. पहिल्या पाच घटका फक्त तयारी, प्रत्येक घटकेत प्रत्येक खेळाडूचं एक काम. सहाव्या घटकेत पुस्तकाप्रमाणे फेऱ्या, सगळे फासे, सगळे नियम. नंतर पुन्हा घटका घटका.

टेबलाच्या मध्ये नऊ दिवे ठेवेन, प्रत्येक घटका संपली की एक विझवायचा. दिवाळीच्या उरलेल्या पणत्या आहेत घरात.

घाटवाट (सोमवार, सकाळी ७:५०)

उशिरा आलो. एक मुद्दा सुटलाय असं वाटतं: मदत.

खेळाडू विचारणारच, शेजारच्या ताऱ्याकडून कुमक का येत नाही? ट्रॅव्हलरमध्ये याचं उत्तर नियमातच आहे. निरोप जायला एक आठवडा, कुमक यायला एक आठवडा. याचं वजन काय असतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. नानासाहेब पेशवे कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, हा मजकूर असलेलं सावकाराचं पत्र त्यांच्या हाती पडलं ते २४ जानेवारीला, भेलशाजवळ. मधले दहा दिवस ते होऊन गेलेल्या लढाईकडे चालत होते.

अगस्ती, तुमच्या मोहिमेत कोणीतरी आत्ता असंच चालत असेल. लढाईच्या दिवशी ते दाखवू नका. पण ताफा जंपमधून बाहेर पडेल तेव्हा समोर मदतीला निघालेली जहाजं उभी असू द्या, ज्यांना अजून काहीच माहीत नाही. तो निरोप खेळाडूंनी आपल्या तोंडाने सांगायचा.

सहादुणेबारा (सोमवार, दुपारी १२:३०)

इंजिनिअर खेळाडूबद्दल एक जुनी गोष्ट, याच खेळातली. १९८१ साली ट्रॅव्हलरच्या ताफा-बांधणी स्पर्धेत डग्लस लेनाट या संगणकशास्त्रज्ञाने स्वतः लिहिलेला युरिस्को हा प्रोग्राम नियमांवर सोडला. त्याने ९६ जहाजांचा ताफा काढला, बहुतेक सगळी हळू, जाड चिलखताची, छोट्या शस्त्रांची भरपूर. अनुभवी खेळाडूंचे देखणे ताफे त्यापुढे टिकले नाहीत. पुढच्या वर्षी नियम बदलले, तरी तोच जिंकला. त्या वेळी तो स्वतःचीच जखमी जहाजं नष्ट करत होता, म्हणजे उरलेल्या ताफ्याचा वेग कमी होऊ नये.

नाखवांनी लिहिलेलं "हळू आहे त्याला मागे टाकू" ते हेच. त्या जहाजांवर कोणाचं नाव नव्हतं, म्हणून ते गणित बसलं.

नाखवा (सोमवार, दुपारी २:०५)

बरोबर. आता मी सुचवतो तेवढं करा, अगस्ती. शत्रूच्या सेनापतीचा हुकूम आज कागदावर लिहा, पाकिटात घाला, पाकीट बंद करा आणि खेळाच्या वेळी टेबलावर ठेवा. सातव्या जहाजाची खबर खरी की खोटी हेही त्यातच. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून नकाशावरचा युद्धखेळ खेळत. तिथे दोन्ही बाजूंचे हुकूम लेखी पंचाकडे जायचे आणि कोणाला काय दिसेल ते पंच सांगायचा. पंचावर विश्वास बसायला कागद लागतो. खेळाडू हरले तरी तुमच्यावर रुसणार नाहीत.

अगस्ती (आठ दिवसांनी, सोमवार, रात्री १२:४०)

काल लढाई झाली. आत्ता झोप येत नाही म्हणून लिहितोय.

मालवाहू जहाजांना गोदा, इंद्रायणी, कोयना आणि तेरेखोल अशी नावं दिली. पणत्या पेटवल्या. पहिल्या पाच घटकांना पावणेदोन तास लागले आणि त्यातला एकही मिनिट रिकामा गेला नाही. पायलटने ताफ्याची रचना तीनदा बदलली. माजी नौदल अधिकाऱ्याने एका गस्ती जहाजाच्या कप्तानाला थांबायला पटवलं, तो पळून जायच्या बेतात होता.

पाचव्या घटकेत सातव्या जहाजाची खबर दिली. वीस मिनिटं वाद. तोफखान्यावरचा म्हणत होता पांगू, इंजिनिअर गप्प होता. शेवटी डॉक्टर म्हणाली, "माझी माणसं चार जहाजांत आहेत, मी एकाच जहाजात असेन." ताफा एकत्र राहिला.

मग सेन्सरवर ९ आले. शत्रूने शेपूट फिरवली होती. पाकिटात तेच होतं: जहाजं अखंड हवीत.

आणि इथे कागदवाल्याने असं काही केलं जे माझ्या स्वप्नातही नव्हतं. तो म्हणाला, "सगळ्यांनी आत्ताच्या आत्ता इंजिनं बंद करा." शत्रू पूर्ण जोराने वेग मारत होता, पण ताफा पुढे वेग वाढवत राहील असं धरून. ताफ्याने जोर सोडल्यावर त्याला थांबायला जागाच पुरेना, आणि त्याच्याकडे आणखी जोर नव्हता. मी तिथेच हिशेब केला. सेकंदाला २५ किलोमीटरने तो ताफ्याला ओलांडून पुढे गेला. माणसं उतरवता आली नाहीत. लॉगटेबल, कागद उघडा ठेवायला सांगितलंत त्याबद्दल मनापासून आभार.

ओलांडून जाताना दोन फेऱ्या झाल्या, सगळ्या नियमांनी. कोयनाच्या रिॲक्टरला तडाखा बसला. वीज निम्म्यावर आली. मी डॉक्टरसमोर सात चिठ्ठ्या ठेवल्या. तिने पहिली उचलली, नाव वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. अक्षर तिचंच होतं, तिच्या वहीच्या पानाची झेरॉक्स मी कापून आणली होती. चार पेट्यांना वीज पुरत होती. उरलेल्या तिघांना तिने लगेच जागं करायचं ठरवलं, प्रत्येकासाठी फासे टाकले. दोघे उठले.

इंजिनं बंद ठेवल्यामुळे दहावी घटका लागली. पणत्या नऊच होत्या, शेवटची घटका अंधारात खेळलो. ज्याला थांबायला पटवलं होतं तो कप्तान पुढे वळून आलेल्या शत्रूच्या आडवा गेला आणि परत आला नाही. पाकिटातली दुसरी ओळ शेवटी वाचून दाखवली: सातवं जहाज नव्हतंच.

चारही जहाजं जंपमध्ये गेली. जंपचा काळ १४८ तास अधिक सहा फासे. फासे डॉक्टरच्या हातात दिले. २३ आले, म्हणजे १७१ तास. पलीकडे घाटवाट यांची जहाजं उभी आहेत. पुढच्या रविवारी तिथून सुरू करतो.